टिंटूचा नोंब

चेंगन्नूर,
बुधवार, ४ मार्च १९८७

एल्सी,

सोमवार, दोन मार्च, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. ठिकाण, तुमच्या पांपाडीच्या घराची मागची ओसरी. घड्याळ मी स्वतः पाहिलं, कारण मला पावणेचारची बस धरायची होती. पायात चपला होत्या, हातात छत्री होती.

टिंटू झोपेतून उठून आली. अडीच वर्षांची पोर दुपारी उठल्या उठल्या आईकडे कशाला येते, हे तिथं उभ्या असलेल्या तिन्ही बायकांना ठाऊक होतं. तिनं तुझ्या पदराला हात घातला. मग हात मागे घेतला आणि म्हणाली, "नोंब." आणि कोंबड्यांच्या मागे निघून गेली.

तुझ्या सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खांबाला टेकावं लागलं. "बघितलंत विहीणबाई? आमच्या घरातलं मूल आहे. दुधाच्या दातांनी नोंब धरतं."

मी हसले नाही. मी तुझं तोंड बघत होते. तू पदर सारखा केलास, तो सारखाच होता तरी. मग म्हणालीस, "अम्मची, बस चुकेल."

बस मिळाली. पण चेंगन्नूरपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत आले. नोंब म्हणजे ईस्टरपर्यंतचा उपास, दूध, अंडी, मासे, मटण बंद, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्याही घरी परवापासून गुळाची काळी कॉफीच चालू आहे. पण नोंब मोठ्या माणसांनी धरायचा असतो. पाळण्यातल्या पोराच्या तोंडून घास काढून देवाला दाखवा, असं माझ्या वाचनात कुठं आलेलं नाही.

पहिली मुलगी म्हणून तिला तुझ्या सासूबाईंचं नाव दिलं, मरियाम्मा. रीतच तशी आहे, मी बोलले नाही. पण नाव त्यांचं म्हणून आता दूधही त्यांच्या हुकमानं तुटायचं का? तिच्या डोक्यात हे कुणी भरवलं, ते मला लेखी कळव. मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. नदी आपोआप वळत नाही, कुणीतरी बांध घातलेला असतो.

अम्मची


पांपाडी,
मंगळवार, १० मार्च

अम्मची,

तू पत्र लिहितेस की खुलासा मागवतेस, हे मला अजून कळलेलं नाही.

सासूबाईंवर राग धरू नकोस. घरात नोंब सुरू झाला की पोरांच्या कानावर पडतंच. रोज कुणी ना कुणी म्हणतं, नोंब आहे, नको. मासेवाला दारावरून परत जातो. तिनं उचललं असेल.

शिवाय हे एका दिवसात झालेलं नाही. सकाळचं नाताळच्या आधीच सुटलं होतं आणि मला ते कळलंसुद्धा नाही. जोय शनिवारी आले होते, दोघं बापलेक गोठ्यात वासरू बघायला गेले, आणि ती विसरली. दुसऱ्या दिवशी पण विसरली. मग रात्रीचं गेलं. उरलं होतं ते दुपारचं एवढंच. ते अजून बरेच महिने चालेल असं मी धरून चालले होते.

गंमत म्हणजे ती अजून रोज येते. झोपून उठली की समोर उभी राहते, बघते आणि जाते. जशा सासूबाई कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या फ्रूटकेककडे बघून येतात. काल तिनं विचारलं, "अम्मा, तुझं पण सोसायटीत गेलं?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. नोंबात घरात दूध लागत नाही, म्हणून आमच्या गाईचं सगळं दूध सध्या सोसायटीत जातं. तो सायकलवाला सकाळी कॅन घेऊन जातो, ते ती ओसरीवरून बघते. तिला वाटतं माझंही तोच नेतो.

मी म्हटलं, "नाही ग, माझं इथंच आहे."

"मग ते काय करतं?"

काय सांगू? खरंच, ते काय करतं कोण जाणे. तीन वाजले की अंग आपोआप भरून येतं. मी विहिरीवर असेन, इस्त्री करत असेन, तरी. घड्याळ बघायला नको. मी विसरले तरी अंग विसरत नाही. सासूबाई म्हणतात, न तासलेल्या रबराच्या झाडासारखं असतं, काही दिवसांत आटतं.

आटेल. मला फक्त कुतूहल आहे, की आटताना काय होतं.

एल्सी


चेंगन्नूर,
सोमवार, १६ मार्च

एल्सी,

"तिनं उचललं असेल" हे उत्तर नाही. माझ्या वर्गात असं उत्तर देणाऱ्या मुलीला मी उभी ठेवत असे. ते असो.

मी काल प्रार्थनेनंतर फादर स्करियांकडे गेले. तू म्हणशील कशाला गेलीस. जिथं नियम बनतात तिथं जाऊन विचारावं, एवढं मला कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी शिकवलंय. नन्सना स्वतःला ते कुणी विचारलेलं आवडत नसे, ही गोष्ट वेगळी.

"अडीच वर्षांच्या मुलीनं नोंब म्हणून अंगावरचं दूध सोडलंय. हे चर्चला मंजूर आहे का?"

"टीचर, आधी बसा."

"मी बसायला आले नाही."

"नोंबात जनावराचं दूध घेत नाहीत, टीचर. एवढंच आहे."

"नारळाचं चालतं."

"नारळ जनावर नाही."

"माझी मुलगी आहे का?"

आतून फादरांच्या बायकोचं हसू ऐकू आलं; आपल्या चर्चच्या फादरांना बायको असते, हे त्या नन्सना कधी पचलं नाही. फादरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, लहान मुलांना नोंब नसतो, आणि आईच्या दुधाबद्दल कुठल्याही बिशपनं आजवर काही लिहून ठेवल्याचं त्यांना आठवत नाही. मी म्हटलं, बिशपांना आठवावं तरी कुठून.

तेवढ्यात त्यांची बायको, सूसम्मा, तुम्हा पोरींची सूसम्माकोच्चम्मा, हात पुसत बाहेर आली. चार पोरांची आई आहे, फादरांपेक्षा तिला जास्त कळतं. म्हणाली, "टीचर, आमचा तिसरा असाच नोंबात सुटला. सगळ्यांना वाटलं, झालं. ईस्टरला परत आला."

"मग?" मी विचारलं.

तेवढ्यात कुणाच्या तरी घरची मयत झाल्याचा निरोप आला, फादर उठले, सूसम्मा त्यांचा झगा आणायला आत पळाली. राहिलं ते राहिलंच.

आता तू सांग. अंग भरून येतं म्हणतेस, ते कुठून सुरू होतं? खांद्यातून की आतून? दुखतं, की नुसतं जड वाटतं? आणि ती समोर उभी राहते तेव्हा कुठं बघते, तुझ्या तोंडाकडे की पदराकडे? हे मी का विचारते, तर मला माहीत नाही म्हणून. तुला मी छातीला कडू काळा बोळ लावून तोडलं, अकराव्या महिन्यात, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात. चेंगन्नूरमधली अर्धी मुलं अशीच सुटली, त्यात विशेष काही नव्हतं. एकदा चाटलंस, तोंड वाकडं केलंस, माझ्याकडे बघितलंस. संपलं. सोमवारी मी सातवी ब ला मान्सूनचे वारे शिकवत होते. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मीही बघितलं नाही.

तू बघते आहेस. तर नीट बघ.

अम्मची

ता. क. फ्रूटकेक नाताळचा ना? तो अजून कुलपात ठेवलाय? तुझ्या सासूबाईंबद्दल मला आणखी काही ऐकायची गरज नाही.


पांपाडी,
रविवार, २९ मार्च

अम्मची,

उत्तराला उशीर झाला, कारण मी तीन पत्रं लिहून फाडली.

मीच सांगितलं. नोंबाच्या आदल्या रविवारी दुपारी. तू तेव्हा सासूबाईंबरोबर चर्चच्या पटांगणात गेली होतीस. टिंटू पीत होती, आणि मला कंटाळा आला होता. अगदी साधा कंटाळा, अम्मची. पाठ अवघडली होती, घाम येत होता, तिचा एक हात माझ्या गळ्यातल्या माळेशी चाळा करत होता, आणि मला वाटलं की आता पुरे. जूनमध्ये शाळेत रुजू व्हायचंय, तेही डोक्यात होतं. मी म्हटलं, "उद्यापासून नोंब. अम्माचं दूध पण नोंब. ईस्टरला सुटेल." अर्धं थट्टेत म्हटलं. तिला नोंब काय कळतो असं मला वाटलं.

तिनं तोंड बाजूला केलं आणि विचारलं, "कोंबडीचं पण?" मी म्हटलं, अंडी पण. "बरं," म्हणाली, आणि पुन्हा प्यायली. पुरतं पोट भरून प्यायली.

तेच शेवटचं होतं. आणि मी त्या वेळी छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर तिनं हात मागे घेतला तेव्हा सासूबाई हसल्या, तू चिडलीस, आणि मला दोघींपैकी कुणालाच सांगता येईना. तू बांध कुणी घातला विचारलंस. मी घातला. पाणी इतकं ऐकेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. काखेतून सुरू होतं, मुंग्या आल्यासारखं, मग खाली उतरतं. पहिला आठवडा दुखलं, दगडासारखं. सासूबाईंनी एका संध्याकाळी मला आत बोलावलं, दार लावलं, आणि दूध आटवायला मोगऱ्याची फुलं ठेचून फडक्यात बांधून छातीवर ठेवली. त्यांच्या सासूनं त्यांना तसंच केलं होतं. मी म्हटलं, "अम्मा, तुम्हाला मोगरा आवडत नाही ना? अंगणातलं झाड तुम्हीच काढायला लावलं होतं." त्या म्हणाल्या, "आवडत नाही असं नाही. वास आला की अजून भरून येतं. साठी उलटली, तरी. मूर्खपणा आहे." आणि गाठ इतकी घट्ट मारली की मला श्वास घेता येईना. फुलं त्यांनी शेजारच्या वारियरांच्या बागेतून स्वतः मागून आणली होती.

तेव्हापासून दुखत नाही. आणि त्याचंच मला वाईट वाटतं, हे तुला कळेल का? दुखत होतं तोवर काहीतरी चालू होतं. आता तीन वाजतात आणि काही होत नाही. मला माझं अंग परत मिळालं, झोप मिळाली, पुढून बटणं नसलेले ब्लाउज घालते, मोकळं वाटतं. खोटं नाही सांगत, मोकळं वाटतं. आणि त्याच वेळी कुणीतरी घर रिकामं करून किल्ली माझ्या हातात दिल्यासारखं वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मला समजत नाही.

ती पदराकडे बघत नाही. तोंडाकडे बघते. जणू मी ठीक आहे ना, हे बघायला येते.

आता ईस्टरचं काय? मी तिला शब्द दिलाय.

एल्सी

ता. क. सूसम्माकोच्चम्मांच्या तिसऱ्याचं पुढं काय झालं, ते विचारून कळव.


चेंगन्नूर,
शनिवार, ४ एप्रिल

एल्सी,

तुझ्या सासूबाईंवरचा आरोप मी मागे घेते. माफी मागत नाही, कारण खांबाला टेकून हसणं हा गुन्हा अजून शिल्लक आहे. पण मोगऱ्याची गोष्ट मी दोनदा वाचली. विहीणबाईंना सांग, माझ्या दारात मोगरा आहे, तो मी काढणार नाही, पण त्या येतील तेव्हा त्यांची खुर्ची पलीकडच्या ओसरीत टाकेन.

आता तुझ्यावर. लेखी खुलासा मागितला तेव्हा "तिनं उचललं असेल" असं लिहून दिलंस. आईला लिहून दिलंस. चांगलं इंग्रजी आणि वाईट धाडस, हे दोन्ही कॉन्व्हेंटमधून आणलंस, मी पैसे भरून.

कंटाळा आला होता, याबद्दल मात्र मी काही म्हणणार नाही. ज्या बाईला कधीच कंटाळा आला नाही, तिनं पाजलेलंच नाही.

सूसम्माला विचारलं. चर्चच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं. हसली आणि म्हणाली, "ते ज्याचं त्याचं असतं, टीचर. तुमच्या एल्सीला बघू दे." माझ्या वयाच्या बाईला असं टोलवतात. मला झोप लागली नाही.

तुझा प्रश्न मात्र खरा आहे. ईस्टरला ती आली आणि तू घेतलंस, तर जूनमध्ये शाळेत जाताना पुन्हा पहिल्यापासून तोडावं लागेल, आणि त्या वेळी नोंब मदतीला येणार नाही. नाही म्हणालीस, तर त्या पोरीनं मोठ्या माणसासारखा शब्द पाळला आणि तू मोडलास. ती पुन्हा तुझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल, हे मला सांगता येणार नाही. मी असते तर काय केलं असतं विचारशील. मी काळा बोळ लावला असता. म्हणून मला विचारू नकोस.

काय करशील ते कर, पण या वेळी छताकडे बघू नकोस.

अम्मची


पांपाडी,
मंगळवार, २१ एप्रिल

अम्मची,

ईस्टरच्या शुभेच्छा. तुझी अंडी मिळाली, एक फुटलं.

पहाटेची प्रार्थना संपवून घरी आलो तेव्हा उजाडलं होतं. टिंटू जोयच्या खांद्यावर झोपली होती. सासूबाईंनी अप्पम घातले, बदकाची करी केली, आणि कपाट उघडून केक काढला. तो दगड झाला होता. त्यांनी तो सगळ्यांना दिला आणि आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला.

टिंटूला उठवलं आणि गाईच्या दुधाचा पेला दिला. सासूबाई म्हणाल्या, "घे मोळे, माझ्या पोरी, नोंब सुटला." तिनं पेला दोन्ही हातांनी धरून संपवला, वरची मिशी पुसली नाही, आणि खुर्चीवरून उतरली. मला कळलं. मी हातातला अप्पम खाली ठेवला. जोय बघत होते, सासूबाई बघत होत्या. सासूबाई उठल्या आणि जोयना म्हणाल्या, "चल, गाईला बघून येऊ." जोय म्हणाले, "तिला काय झालंय?" "तुला दाखवते काय झालंय," म्हणाल्या, आणि त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

आम्ही दोघी आतल्या खोलीत गेलो. मी तिला नाही म्हणणार नव्हते. ते मी मोगऱ्याच्या दिवशीच ठरवलं होतं, फक्त तुला लिहिलं नाही. जूनचं जूनमध्ये बघू म्हटलं.

ती मांडीवर चढली, जागा शोधली, डोकं टेकलं. जुनीच सवय, तोच हात माळेवर. तोंड लावलं. आणि थांबली. पुन्हा लावलं. तिला येईना, अम्मची. रोज दोन अडीच वर्षं केलेली गोष्ट, जन्मली त्या तासाला कुणी न शिकवता आलेली, ती तिला येईना. ओठ कसे धरायचे तेच हरवलं होतं. तिनं पेल्यातल्यासारखं ओढून बघितलं. मग फुंकर मारली, कॉफीवर मारतात तशी. मग मागे होऊन नीट निरखलं, जसं काही चूक तिथं लिहिलेली असेल.

मी छताकडे बघत नव्हते. सगळं बघत होते.

मग ती म्हणाली, "सोसायटीत गेलं."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "सायकलवाला घेऊन गेला, अम्मा." तिनंच माझा पदर ओढून वर घातला, दोनदा थापटला, आणि खाली उतरली. दारात जाऊन वळली आणि म्हणाली, "केक."

मी तिथंच बसून राहिले. रडले का, तर हो, पण हसतही होते. मी तिला तोडलं नाही, तिनंही मला सोडलं नाही. आम्ही दोघी आपापल्या शब्दाला जागलो, आणि मधल्या मध्ये ती गोष्टच निघून गेली. सूसम्माकोच्चम्मांना सांग, मला कळलं.

काल दुपारी उठून ती माझ्याकडे आली नाही. सरळ कोंबड्यांकडे गेली. मी तीन वाजता विहिरीवर होते. काही झालं नाही. आज पण नाही.

एल्सी


चेंगन्नूर,
शनिवार, २५ एप्रिल

एल्सी,

करी कशाची, केक किती कडक, जोयला दंडाला धरून कुणी नेलं, सगळं लिहिलंस. विहीणबाईंबद्दल माझं मत बदललंय, ते त्यांना कळवू नकोस. पण मुख्य गोष्ट राहिली.

सूसम्माला तुझा निरोप दिला. ती हसली नाही. "हो ना?" एवढंच म्हणाली, आणि आम्ही दोघी पायरीवर थोडा वेळ बसलो. फादर तीन वेळा बोलवायला आले.

तुझ्या पत्रातलं ते वाक्य, तिला येईना, मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटत होतं, विसरतात ते मोठे झाल्यावर, हळूहळू. सात आठवड्यांत विसरतात हे मला माहीत नव्हतं. तू अकरा महिन्यांची होतीस. म्हणजे तू किती दिवसांत विसरलीस? मी सोमवारी मान्सूनचे वारे शिकवत होते तेव्हा तुला येत होतं का? शुक्रवारी? त्या शनिवारी मी तुला पुन्हा जवळ घेतलं असतं, बोळ धुऊन, तर? हे मला आता कोण सांगणार? तुला विचारून उपयोग नाही, तू तिथं होतीस आणि तुला काही आठवत नाही. असा साक्षीदार काय कामाचा. आणि तुझी आजी नाही, जी मला सांगेल. या सगळ्या व्यवहारात दोन माणसं असतात, त्यातलं एक छताकडे बघतं आणि दुसरं विसरतं. म्हणून आजवर कुणाला काही कळलेलं नाही. बिशपांना तर नाहीच.

पण टिंटू आहे. ओठ विसरले असतील, जीभ अजून विसरली नसेल. ती बोलते. वाक्यं बोलते. अजून थोडे आठवडे ती असं एक माणूस आहे, जिला ते आठवतं आणि जिला ते सांगताही येतं. असं माणूस फार थोडा काळ मिळतं. तुझ्या वेळी मला मिळालं नाही.

तर तिला विचार. दुपारी, झोपून उठल्यावर, कोंबड्यांकडे जायच्या आत. घाई करू नकोस, शब्द तिच्या तोंडात घालू नकोस, गोड होतं का असं विचारू नकोस, नाहीतर ती हो म्हणेल. फक्त विचार, "अम्माचं दूध कसं लागायचं?" आणि जे म्हणेल ते तसंच, तिच्याच शब्दांत उतरवून घे. काही न बोलता निघून गेली, तर तेही लिही.

पंधरा मेला, शुक्रवारी, मी पोस्टमनची वाट बघत फाटकात उभी असेन. त्यानंतर ती विसरेल, आणि मग तू काहीही लिहिलंस तरी मी ते मानणार नाही. उत्तर लेखी हवं आहे.

अम्मची